भिंगाच्या दुर्बिणीतून डीप स्काय फोटो : कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं उद्यमनगरात लेथचं दुकान आहे. दिवसा शाफ्ट, बुश, कपलिंग. आणि नोव्हेंबर ते मे, अमावास्येच्या पुढंमागं, रात्री दुर्बीण. दुकानाच्या भिंतीवर मृगातल्या तेजोमेघाचा एक फोटो टांगलाय. जॉब न्यायला आलेला माणूस पैसे मोजता मोजता त्याच्याकडं बघतो आणि पहिला प्रश्न टाकतो. मग दुसरा. आता सगळ्यांचे प्रश्न पाठ झालेत, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. चंद्र आणि ग्रहांचे फोटो हा वेगळा धंदा आहे, तो इथं नाही. इथं फक्त तेजोमेघ, दीर्घिका आणि तारकागुच्छ, तेही छोट्या भिंगाच्या दुर्बिणीनं, म्हणजे रिफ्रॅक्टरनं.

हे रंग खरे आहेत की फोटोशॉपची करामत?

रंग खरे आहेत, पण तुमच्या डोळ्यांना ते तसे कधीच दिसायचे नाहीत. अंधारात आपल्या डोळ्यांतल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही. दुर्बिणीला डोळा लावून मृगातला एम ४२ बघितला तर करडा, फार तर हिरवट झाक असलेला धूर दिसतो. पाहुण्यांना दाखवला की ते भिंतीवरच्या फोटोकडं आणि मग माझ्याकडं संशयानं बघतात.

कॅमेरा उजेड साठवतो, डोळा साठवत नाही, एवढाच फरक. फोटोतला लाल हा हायड्रोजनचा, ६५६.३ नॅनोमीटरचा. निळसर हिरवा ऑक्सिजनचा, ५००.७ नॅनोमीटरचा. कृत्तिकेभोवतीचा निळा धूर म्हणजे धुळीवरून परतलेला ताऱ्यांचाच उजेड. मी संगणकावर करतो ते काम म्हणजे काळोखातला अगदी बारीक फरक डोळ्याला कळेल इतका ताणायचा. नसलेलं काही घालत नाही. घालणारेही आहेत, त्यांचं त्यांच्यापाशी.

हा उद्योग जुना आहे. १८८० साली हेन्री ड्रेपर यांनी न्यूयॉर्कजवळच्या आपल्या वेधशाळेतून याच एम ४२ चा पहिला फोटो काढला, ११ इंची रिफ्रॅक्टरनं, ५१ मिनिटांचं एक्स्पोजर देऊन. आज आपल्याकडं त्याहून पुष्कळ छोटी दुर्बीण असते आणि फोटो त्याहून पुष्कळ चांगला येतो. श्रेय सेन्सरचं.

सुरुवातीला कुठली दुर्बीण घेऊ?

८० मिलिमीटरच्या आसपास व्यास, एफ ६ च्या आसपास (एफ म्हणजे फोकल लेंग्थ भागिले व्यास), ईडी काचेची, म्हणजे रंग कमी फाटणाऱ्या काचेची. माझी ८० ची आहे, फोकल लेंग्थ, म्हणजे भिंगापासून प्रतिमा बनते तिथपर्यंतचं अंतर, ४८० मिलिमीटर.

लोक पहिल्यांदा ‘किती एक्स?’ असं विचारतात. फोटोत एक्स नसतो, चौकटीत किती आकाश मावतं ते बघायचं. ४८० मिलिमीटरवर नेहमीच्या डीएसएलआरमधल्या एपीएस-सी आकाराच्या सेन्सरवर साधारण २.७ अंश बाय १.८ अंश आकाश येतं. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा. म्हणजे पाच चंद्र एका रांगेत. देवयानी दीर्घिका सुमारे ३ अंश लांब आहे, ती या चौकटीत कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी लावावी लागते. एवढी मोठी वस्तू आकाशात आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. मोठ्या दुर्बिणीत तर ती मावतच नाही, त्यामुळं छोटी नळी ही इथं अडचण कमी आणि सोय जास्त.

तेवढ्याच पैशात आरशाची दुर्बीण जास्त उजेड गोळा करते, हे कबूल. पण तिचे आरसे पुन्हा पुन्हा जुळवावे लागतात, आणि गगनबावड्याच्या रस्त्यानं डिकीत आदळत गेलेली दुर्बीण अंधारात जुळवत बसणं मला जमत नाही. भिंगाची नळी पेटीतून काढायची, बसवायची, चालू करायचं.

ॲक्रोमॅट, ईडी, ट्रिपलेट यांत एवढा किमतीचा फरक कशाला?

साधं भिंग लाल, हिरवा आणि निळा उजेड एकाच जागी आणत नाही. दोन साध्या काचांचा ॲक्रोमॅट दोन रंग जुळवतो, पण निळा-जांभळा सुटतो. ठळक ताऱ्याभोवती जांभळं वलय येतं. ईडी काच घातली की हे वलय पुष्कळ कमी होतं. तीन काचांचा ट्रिपलेट जवळजवळ सगळं जुळवतो, पण जड असतो, महाग असतो आणि थंड व्हायला वेळ घेतो.

जाहिरातीत नुसतं ‘ईडी’ लिहिलेलं असतं. काच कुठली ते विचारा. एफपीएल-५१ आणि एफपीएल-५३ यांत फरक आहे, ५३ सरस. उत्तर टाळलं तर समजून घ्या. परीक्षा घ्यायची असेल तर मृगाच्या बाणातल्या तीन ताऱ्यांपैकी पूर्वेकडचा तारा, अल्निटाक, चौकटीत ठेवून फोटो काढा. शेजारीच घोड्याच्या डोक्याच्या आकाराचा काळा तेजोमेघ आहे. अल्निटाक भिंगाची सगळी अंडीपिल्ली बाहेर काढतो.

माझ्याकडं पोराची ७०/७०० दुर्बीण (७० मिलिमीटर व्यास, ७०० फोकल लेंग्थ) आहे. चालेल का?

चंद्राला उत्तम. कृत्तिका आणि एम ४२ ची हौस भागेल, ताऱ्यांना जांभळी किनार येईल ती सोसायची. तिच्यासोबत आलेली तिपाई मात्र कपडे वाळत घालायला ठेवा.

मग पैसे नक्की कुठं घालायचे?

माउंटमध्ये, म्हणजे दुर्बीण धरून फिरवणाऱ्या सांगाड्यात. हे मी इतक्यांदा सांगितलंय की बायको पलीकडच्या खोलीतून माझ्या आधी उत्तर देते.

लेथवाल्याला हे पटकन कळतं. बेड हलत असेल तर टूल कितीही भारी लावा, जॉबवर चॅटर, म्हणजे थरथरीच्या खुणा, येणारच. दुर्बीण हे टूल, माउंट हा बेड. पृथ्वी फिरते म्हणून तारे सेकंदाला १५ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतात. माझ्या जोडणीत एक पिक्सेल म्हणजे १.८५ आर्कसेकंद. म्हणजे मोटर नसेल तर एका सेकंदात तारा आठ पिक्सेल पुढं जातो आणि ठिपक्याची रेघ होते. आपल्याला तो दोन-तीन मिनिटं एका पिक्सेलच्या आसपास धरून ठेवायचाय. लेथवर एवढी अचूकता मागितली तर मी रेट दुप्पट सांगीन.

यासाठी इक्वेटोरियल माउंट लागतो, ज्याचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर लावता येतो. एकूण बजेटचा निम्मा भाग त्याला द्या. माहितीपत्रकात ‘१० किलो पेलतो’ असं असेल तर फोटोसाठी ५-६ किलोच धरा. गिअरमध्ये थोडीफार चूक असतेच, ती सुधारायला छोटी गायड दुर्बीण आणि गायड कॅमेरा लावतात. तो एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटला सारखं हळूच सावरत राहतो. पीएचडी२ नावाचं सॉफ्टवेअर हे फुकट करून देतं. हल्ली हार्मोनिक गिअरचे हलके माउंट आलेत. प्रवासाला छान, पण त्यांना गायडिंगशिवाय चालत नाही.

ध्रुव सापडत नाही, सापडला तर झाडाच्या मागं असतो. काय करू?

हा आपल्या भागाचा खास प्रश्न, म्हणून जरा लांबण लावतो.

ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची तुमच्या अक्षांशाएवढी असते. कोल्हापूर १६.७ अंशांवर. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंश झाकते, म्हणजे ध्रुव आपल्याकडं दीड मुठीपेक्षा थोडाच वर. तेवढ्या उंचीला शेजाऱ्याची टाकी असते, नारळ असतो, धुरकट हवा असते. शिवाय ध्रुवतारा म्हणजे नेमका ध्रुवबिंदू नव्हे, तो त्याच्यापासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त बाजूला आहे. होकायंत्रावर भरवसा ठेवू नका, स्लॅबमधल्या सळया त्याला खुशाल फसवतात.

ध्रुव दिसत नसेल तर दोन रस्ते. जुना रस्ता ड्रिफ्टचा: दक्षिणेला, माथ्याजवळच्या ताऱ्याकडं बघत राहायचं आणि तो वर-खाली किती घसरतो त्यावरून अक्ष दुरुस्त करायचा. वेळ लागतो, पण एकदा केलं की माउंट म्हणजे काय ते हाताला कळतं. नवा रस्ता नीना या फुकट सॉफ्टवेअरमधला: आकाशाचे तीन ठिकाणचे फोटो घेऊन तो अक्ष किती चुकलाय ते सांगतो. त्याला ध्रुव दिसायची गरजच नाही.

आता माझी फजिती. माझा पहिला माउंट आला त्याच्या पुस्तकात सगळी चित्रं ५० अंशांच्या आसपासची, म्हणजे युरोपची. मी अक्ष १७ अंशांवर आणला. एवढा तो आडवा झाला की रात्री एकच्या सुमाराला, दुर्बीण वर आणि तिचा तोल साधणारी वजनं खाली अशी आली, तेव्हा वजनाचा दांडा तिपाईच्या उत्तरेकडच्या पायाला जाऊन भिडला. मोटर बंद पडली नाही, किरकिरत राहिली. मी खाली चहा करत होतो. वर आलो तर एक वाजल्यानंतरच्या सगळ्या फोटोंत तारे शेवयांसारखे. दुसऱ्या दिवशी दुकानात २०० मिलिमीटरचा एमएस पाइपचा तुकडा घेतला, दोन्ही टोकांना फ्लँज वेल्ड करून लेथवर फेस मारला, आणि माउंट तिपाईपासून तेवढा उचलला. आजतागायत दांडा कुठंही भिडलेला नाही. हा तुकडा विकतही मिळतो. माउंट घ्यायच्या आधी तो किती अंशांपर्यंत खाली येतो तेवढं मात्र विचारून घ्या.

कॅमेरा कोणता?

घरात असलेला जुना डीएसएलआर. रॉमध्ये काढा, आयएसओ ८०० किंवा १६०० ठेवा. एक अडचण आहे: कॅमेऱ्याच्या सेन्सरसमोरची काच हायड्रोजनचा तो गडद लाल बराचसा अडवते. ती काढून घेतली की रोझेटसारखे लाल तेजोमेघ खुलतात, पण मग त्याच कॅमेऱ्यानं लग्नाचे फोटो काढले की नवरी गुलाबी येते. दीर्घिका आणि तारकागुच्छांना काच काढायची गरज नाही.

पुढं पैसे साठले तर थंड होणारा खगोल कॅमेरा. सेन्सर साधारण ६ अंशांनी तापला की त्याचा उष्णतेचा गोंगाट, म्हणजे फोटोतली खरखर, दुप्पट होतो. जानेवारीतल्या १५ अंशांच्या रात्रीपेक्षा एप्रिलमधल्या २४ अंशांच्या रात्री तो जवळजवळ तिप्पट असतो. उन्हाळ्यातच खरा फायदा कळतो.

मधला फोटो टिपटॉप येतो, पण कोपऱ्यातले तारे पक्षी उडाल्यासारखे दिसतात. भिंग खराब आहे का?

भिंग बहुतेक चांगलं आहे. रिफ्रॅक्टर जी प्रतिमा बनवतो ती सपाट नसते, वाटीसारखी किंचित वाकलेली असते, आणि सेन्सर असतो सपाट. ती सरळ करायला फ्लॅटनर लावावा लागतो. ०.८ चा रिड्यूसर घेतला तर तो सरळही करतो आणि फोकल लेंग्थ ४८० वरून ३८४ वर आणतो. चौकट मोठी होते आणि एफ ४.८ मुळं उजेडही लवकर भरतो.

फ्लॅटनर आणि सेन्सर यांच्यात ठरावीक अंतर लागतं, बहुतेकांना ५५ मिलिमीटर. कॅननच्या डीएसएलआरमध्ये कॅमेऱ्याच्या आतलं अंतर ४४, त्यात ११ ची टी-रिंग (कॅमेरा दुर्बिणीला जोडणारी कडी), झाले ५५. निकॉनमध्ये ४६.५ अधिक ८.५. मध्ये फिल्टर घातला तर त्याच्या काचेच्या जाडीच्या एक तृतीयांश अंतर वाढवायचं. २ मिलिमीटरच्या फिल्टरला साधारण ०.७. एका विक्रेत्यानं मला रिड्यूसरसोबत चुकीच्या जाडीची रिंग पाठवली, आणि दोन अमावास्या मी दुर्बिणीला शिव्या देत काढल्या. शेवटी व्हर्नियर लावला, तर रिंग दीड मिलिमीटर कमी. ॲल्युमिनियमच्या बारमधून अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरच्या तीन रिंगा कापल्या आणि एकेक घालत गेलो. तिसऱ्या रिंगेला कोपऱ्यातले पक्षी पुन्हा तारे झाले.

फोकस केला तरी पहाटेचे फोटो मऊ का येतात?

कारण नळी आखडते. एफ ६ ला फोकसची जी बिनचूक जागा असते ती साधारण १०० मायक्रॉनची, म्हणजे ०.१ मिलिमीटर. ४८० मिलिमीटर ॲल्युमिनियम १० अंशांनी थंड झालं की सुमारे ०.११ मिलिमीटर आखडतं. आपल्याकडं हिवाळ्यात रात्री आठला २५ अंश आणि पहाटे १५ अंश ही काही नवलाची गोष्ट नाही. म्हणजे संध्याकाळी अगदी नेमका लावलेला फोकस पहाटेपर्यंत आपोआप निसटतो. दर दोन-तीन अंशांनी पुन्हा लावा.

लावायला बाहतिनोव्ह मास्क वापरा: जाळीचं झाकण भिंगावर ठेवलं की ताऱ्याला तीन रेघा फुटतात, मधली रेघ बरोबर मध्ये आली की फोकस झाला. मास्क थ्रीडी प्रिंट करून मिळतो. पुठ्ठ्यातून कापलेलाही चालतो, कापणाऱ्याचा हात स्थिर हवा.

वर्षातले कुठले दिवस चांगले?

मी किरणोत्सव ते किरणोत्सव असं लक्षात ठेवतो. अंबाबाईच्या देवळात ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं गाभाऱ्यात जातात, कारण दोन्ही वेळा सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण १७ अंशांवर असतो. या दोन्हींमधला काळ म्हणजे कोरडी हवा, लांब रात्री आणि मृग डोक्यावर. नंतर एप्रिलपर्यंतही जमतं, फक्त मग वळिवाचे ढग सुरू होतात.

हिवाळ्याला एक खोट आहे. तोच कारखान्यांचा गळीत हंगाम. गुऱ्हाळं पेटलेली, शेतात पाचट पेटवलेलं, आणि वाऱ्याची दिशा फिरली की काळी राख थेट भिंगावर. ती कधीही कापडानं पुसू नका, चरे पडतात. रबरी पंपानं फुंकून काढा.

महिन्यातले दिवस ठरवायला ॲप कशाला, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. वद्य अष्टमी ते शुद्ध पंचमी हा आपला मोसम. वद्य चतुर्थीलाही थोडी संधी असते: सूर्य मावळल्यावर सव्वा तासानं पुरता अंधार होतो, तेव्हापासून चंद्रोदयापर्यंत. संकष्टीचा चंद्रोदय कॅलेंडरात छापलेलाच असतो. घरचे उपास सोडायला चंद्राची वाट बघत असतात आणि मी वर गच्चीवर तो अजून थोडा थांबू दे म्हणत असतो.

जायचं कुठं? पन्हाळा चालेल?

पन्हाळा सोयीचा, पण शहराचा उजेड आग्नेयेला पसरलेला असतो, त्यात शिरोली एमआयडीसी आणि हायवे. मसाई पठारावर गेलात तर बरं. माझं म्हणणं असं की आधी वस्तू ठरवा आणि मग जागा, शहर पाठीमागं राहील अशी. दक्षिणेकडचं काही काढायचं असेल तर राधानगरी, गारगोटीची बाजू. तिथून कोल्हापूर उत्तरेला पडतं आणि दक्षिण मोकळी. गगनबावड्याला पश्चिमेचं आकाश सुंदर, पण कोकणातलं धुकं घाटातून वर चढतं आणि पहाटे तीनला काहीच दिसेनासं होतं.

अभयारण्याच्या हद्दीत रात्री परवानगीशिवाय शिरू नका. गवा अंधारात काळा असतो आणि तुमच्या दुर्बिणीची त्याला कदर नसते. गावाजवळ बसणार असाल तर आधी पोलीस पाटलांना सांगा. मध्यरात्री माळावर लाल दिवा लावून, जमिनीवर पेट्या मांडून बसलेली माणसं गुप्तधन शोधायला आलीत असं गावाला वाटतं. माझ्या बाबतीत एकदा वाटलेलं आहे. दोघं-तिघं काठ्या घेऊन आले. त्यांना कृत्तिका दाखवली, मग चहा त्यांनीच आणला.

शहरातल्या गच्चीवरून काहीच होणार नाही का?

होतं की. माझे निम्मे फोटो गच्चीवरचे आहेत. लाल तेजोमेघांसाठी ड्युअल बँड फिल्टर लावा, तो फक्त हायड्रोजन आणि ऑक्सिजनचा उजेड आत सोडतो, रस्त्यावरचा बाकी उजेड बाहेरच. पूर्वी पिवळे सोडियम दिवे होते तेव्हा साधे फिल्टरही बरंच काम करायचे, कारण सोडियमचा उजेड एकाच पट्ट्यात असतो. एलईडी सगळ्या रंगांत पसरतो, तिथं जुने फिल्टर हात टेकतात. दीर्घिकांना मात्र कुठलाच फिल्टर तारत नाही, त्यांचा उजेडही सगळ्या रंगांत असतो. दीर्घिका हवी तर गाडीत सामान भरा.

आणि फोटो चालू असताना गच्चीवर फिरू नका. स्लॅब हलतो.

पहिल्या वर्षी काय काय काढू?

एम ४२ पासून सुरू करा. ठळक आहे, आपल्याकडून ६८ अंश उंच चढतो, चुका पोटात घालतो. त्याचा गाभा इतका तेज आहे की लांब एक्स्पोजरमध्ये पांढरा फटक होतो; म्हणून ५-१० सेकंदांचा वेगळा संच काढून नंतर मिसळा. मग कृत्तिका, मग नोव्हेंबरच्या संध्याकाळी देवयानी. तिचा उजेड २५ लाख वर्षं प्रवास करून आलेला असतो. जानेवारीत रोझेट.

मग आपल्या हक्काचा माल. उत्तरेकडचे लोक ज्यांच्यासाठी विमानाची तिकिटं काढतात, ते आपल्याला राधानगरीच्या रस्त्यावरून मिळतं. ओमेगा सेंटॉरी हा आकाशातला सगळ्यात ठळक बंदिस्त तारकागुच्छ, नरतुरंग तारकासमूहात. लंडनमधून तो क्षितिजावर येतच नाही. आपल्याकडं एप्रिलच्या मध्यरात्री दक्षिणेला जवळजवळ २६ अंश वर असतो. छोट्या रिफ्रॅक्टरमध्ये सांडलेल्या पिठीसाखरेसारखा दिसतो. नौकातल तारकासमूहातला कराइना तेजोमेघ, एनजीसी ३३७२, त्याहून खाली, १३ अंशांवर. तिथं माथ्यापेक्षा चौपट हवेतून उजेड येतो, तारे थरथरतात, लाल रंग मळकट होतो. पण येतो. मार्च-एप्रिलमध्ये दक्षिणेला पूर्ण मोकळं क्षितिज असलेली जागा हवी.

एकच तक्रार. आकाशगंगेचा सगळ्यात भरलेला भाग, धनु-वृश्चिक, जूनमध्ये मध्यरात्री दक्षिणेला सगळ्यात उंच येतो आणि नेमका तेव्हा पाऊस. म्हणून तिथल्या लगून तेजोमेघासाठी, म्हणजे एम ८ साठी, एप्रिलात पहाटे चारला उठायचं.

ज्यांच्या मागं लागू नये असंही सांगतो. एम ५७, ते प्रसिद्ध कंकण, माझ्या चौकटीत जेमतेम ४५ पिक्सेलचं येतं. गुरूही तसाच, टिकलीएवढा. त्यांना लांब फोकल लेंग्थची दुर्बीण हवी.

एक्स्पोजर किती द्यायचं?

शहरात ३० ते ६० सेकंद, अंधारात १२० ते १८०. महत्त्व एकेका फोटोला नाही, एकूण वेळेला आहे. गोंगाट निम्मा करायचा तर फोटो चौपट लागतात: २५ फोटोंपेक्षा १०० निम्मे खरखरीत, त्याच्याही निम्मे हवेत तर ४००. मी एका वस्तूवर तीन-चार तास घालवतो, कधी दोन रात्री मिळून. मग डीप स्काय स्टॅकर किंवा सिरिलमध्ये एकावर एक बसवायचे. दोन्ही फुकट.

सोबत डार्क काढा: झाकण लावून, तेवढंच एक्स्पोजर, तेवढ्याच तापमानाला. फ्लॅटही काढा, म्हणजे सेन्सरवरची धूळ आणि काळे पडलेले कोपरे निघून जातात. धुतलेली पांढरी बनियन भिंगावर ताणून बसवायची, वर टॅबची पांढरी स्क्रीन धरायची. फोकस आणि कॅमेरा हलवायच्या आधी काढायचे, हे विसरलात तर सगळं पाण्यात.

आकाश कोळशासारखं काळं करू नका. नवीन माणूस हमखास करतो, आणि अर्धा तेजोमेघ त्या काळ्यात बुडवतो.

दव पडतं त्याचं काय?

पंचगंगेच्या काठच्या गावांत डिसेंबरात रात्री अकरानंतर भिंग आंधळं होतं. नळीचं पुढचं भिंग उघड्या आकाशाकडं तोंड करून असतं, आजूबाजूच्या हवेपेक्षा ते थंड होतं आणि पाणी धरतं. भिंगापुढची सरकती नळी (ड्यू शील्ड) पूर्ण बाहेर ओढा आणि १२ व्होल्टची हीटर पट्टी गुंडाळा. दव धरल्यावर नाही, सुरुवातीलाच. बॅटरीचा हिशोब करताना या पट्टीला विसरू नका. माउंट, कॅमेरा, पट्टी मिळून रात्रभर चालायला जुन्या यूपीएसमधली ७ एएचची बॅटरी पुरत नाही.

पावसाळ्यात दुर्बीण कुठं ठेवायची?

कपाटात अजिबात नको. बंद कपाट आणि आपला जुलै म्हणजे बुरशीला आमंत्रण, आणि बुरशी काचेचं कोटिंग खाते, ते परत येत नाही. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल, आत एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४०-५० टक्क्यांवर ठेवा. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून घ्या. मी एक वर्ष आळस केला. भिंगाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी अजून आहे.

एवढी कटकट कशाला? सीस्टार घेतला तर?

घ्या. मनापासून सांगतो. सीस्टार एस५० ही ५० मिलिमीटरची, २५० फोकल लेंग्थची रिफ्रॅक्टरच आहे. माउंट, कॅमेरा, फिल्टर, सगळं एका डब्यात, मोबाइलवर चालतं. पोरांना शाळेत दाखवायला तिच्यासारखी वस्तू नाही. चौकट लहान आहे, १.३ बाय ०.७ अंशांची, त्यामुळं देवयानी तुकड्यातुकड्यांनी जोडावी लागते, आणि पुढं भिंग बदलू, कॅमेरा बदलू म्हणाल तर काही बदलता येत नाही. माझा विरोध नाही. फक्त माझ्या दुकानाला त्यात काम नाही.

टी-रिंग, एक्स्टेंशन, ॲडॉप्टर करून द्याल का?

देतो. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा घडवला, तिथं एक रिंग मिळू नये असं व्हायला नको. वजनंही इथंच होतात, फाउंड्रीतून कास्ट आयर्नचा गोळा आणून बोअर मारला की झालं काम. येताना कॅमेरा आणि फ्लॅटनर दोन्ही आणा, नुसतं माप सांगू नका. आटे ४२ चे, पण पिच ०.७५ की १ हे लोक नेहमी चुकवतात. अमावास्येच्या आठवड्यात सकाळी येऊ नका. दुकान अकराच्या आत उघडत नाही.